रात्रीच्या ट्रेलवर कोण कोण भेटलं

दिवसा झोपायचं आणि रात्री सायकल चालवायची, एवढाच प्लॅन होता. डोंगरातलं जंगल, त्यातून जाणारा लाकूडतोडीचा जुना कच्चा रस्ता, त्याला जागोजागी फुटलेले सिंगलट्रॅक म्हणजे एकच सायकल जाईल एवढ्या अरुंद वाटा, वर एक मोठं गवताळ पठार आणि खाली दरीत ओढा. रात्री आत जायची परवानगी आधीच काढून ठेवली होती, ती काढायचीच, खूप जंगलांत अंधार पडल्यावर सायकलला बंदी असते आणि त्यामागे चांगली कारणं असतात, एक तर शेवटच्या रात्री आमच्या समोरच येऊन उभं राहिलं.

आम्ही तिघं होतो. दादा, जो आमच्यात सगळ्यात जास्त वर्षं रात्रीचा चालवतोय, त्याची धाकटी बहीण जिला सगळे छोटीच म्हणतात, आणि मी. दादाचा दिवा हँडलबारवर, माझा हेल्मेटवर, आणि छोटीकडे दोन्ही. कुणाचा दिवा कुठे होता ते लक्षात ठेवा प्लीज, कारण पुढे जे काही दिसलं आणि जे दिसलं नाही ते बरंचसं त्यावरच ठरलं.

पहिली रात्र

सुरुवातीचा चढ लांबलचक आणि कंटाळवाणा, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चढ संपून रस्ता सपाट झाला आणि मला दोन्ही बाजूच्या गवतात बारीक हिरवट निळे ठिपके चमकताना दिसायला लागले, एक दोन नव्हे, जिकडे मान वळवावी तिकडे. आधी वाटलं दव असणार. पण दवाचा थेंब आपण हललो की लुकलुकतो, रंग बदलतो, हे ठिपके एकाच रंगाचे आणि एकदम स्थिर होते, आणि मग त्यातला एक चालायला लागला. मी जोरात ओरडलो, थांबा थांबा! दादा पुढे जाऊन थांबला, मागे वळून म्हणाला काय झालं, कुठे काय आहे? मी म्हणलं अरे हे काय सगळीकडे, तर तो गवताकडे बघतोय आणि त्याला खरंच काहीसुद्धा दिसत नाहीये. छोटी मात्र म्हणाली दिसतंय मला, खूप आहेत. आता एकाच जागी उभ्या असलेल्या तीन माणसांपैकी दोघांना दिसतंय आणि तिसऱ्याला नाही म्हणल्यावर अंगावर काटा आलाच.

मग माझं हेल्मेट काढून दादाच्या डोक्यावर ठेवलं आणि तो एकदम गप्प झाला.

ते कोळी होते, वुल्फ स्पायडर. जाळं न विणता रात्री जमिनीवर फिरून शिकार करणारे. त्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो, तसाच जो हरणाच्या, मांजराच्या, कुत्र्याच्या डोळ्यात असतो, तापेटम म्हणतात त्याला. तो थर प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतो. माझा दिवा कपाळावर म्हणजे डोळ्यांच्या अगदी जवळ, त्यामुळे परत आलेला प्रकाश माझ्या डोळ्यांत. दादाचा दिवा डोळ्यांच्या अर्धा पाऊण मीटर खाली, तर कोळ्याकडून परत गेलेला प्रकाश त्याच्या हँडलबारपाशीच संपला. लांबच्या जनावराला हा फरक पडत नाही, पन्नास साठ मीटरवरचे हरणाचे डोळे दोघांनाही दिसतात कारण तेवढ्या अंतरावर कोन जवळजवळ शून्य होतो. पण तीन मीटरवरचा कोळी हँडलबारच्या दिव्याला दिसतच नाही. इतकी वर्षं दादा या हजारो डोळ्यांच्या मधून जात होता आणि ते त्याला त्या रात्री पहिल्यांदा दिसले. तो बराच वेळ गुडघ्यांवर बसून बघत होता. एका कोळिणीच्या पाठीवर तिची सगळी पिल्लं बसलेली होती आणि पाठच्या पाठ चमचम करत होती, हे मी कधीच विसरणार नाही.

पुढे रस्त्यावर अगदी मधोमध एक लालभडक निखारा दिसला. कुणी आग लावून गेलं की काय म्हणून ब्रेक मारले, तर तो निखारा जमिनीवरून उठला आणि माझ्या चाकापासून दोन हातांवरून अजिबात आवाज न करता निघून गेला. रातवा. हे पक्षी मोकळ्या कच्च्या रस्त्यावर बसून राहतात, पिसांचा रंग पाचोळ्याचा, त्यामुळे पक्षी दिसतच नाही, नुसता डोळा दिसतो. आणि अगदी शेवटच्या क्षणी उडतात. म्हणून कच्च्या रस्त्यावर लाल ठिपका दिसला की वेग कमी करा, सायकलखाली येऊ शकतो तो.

हरणंही दिसली, सहा सात जोड्या डोळे एका ओळीत. आम्ही उजेड बाजूला वळवला आणि थांबलो. डोळ्यावर प्रखर दिवा आला की जनावर खिळून उभं राहतं, ते धीट असतं म्हणून नव्हे, त्याला त्या क्षणी काही दिसतच नसतं, अंधाराला सरावलेले डोळे एकदम दिपतात. अशा वेळी दिवा तसाच धरून फोटो काढत बसणारे लोक मी बघितलेत, मला ते अजिबात आवडत नाही.

दुसरी रात्र

आज आधी खाली दरीत आणि मग वर पठारावर. ओढ्याकडे उतरताना एका वळणावर अचानक असा गारवा लागला की वाटावं पाण्यातच शिरलो. चार पेडल मागे गेलं की उबदार, पुढे आलं की गार, मधे अक्षरशः रेघ मारल्यासारखी. छोटीने तीन चार वेळा पुढे मागे करून बघितलं. स्वच्छ आकाशाच्या रात्री जमीन पटापट थंड होते, तिच्या लगतची हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि दरीत साठून राहते. या साठलेल्या गार हवेचा आणखी एक खेळ म्हणजे आवाज. खाली गार आणि वर उबदार हवा असली की आवाज वर निसटून न जाता परत जमिनीकडे वाकतो आणि खूप लांबपर्यंत पोचतो. ओढ्यापाशी आम्हाला दोन माणसं बोलताना ऐकू आली, इतकी जवळ की मी दिवा फिरवून बघितला. कुणी नाही. आवाज चालूच, शब्द कळत नव्हते पण एक जण हसला ते स्पष्ट कळलं. दरीच्या पलीकडच्या अंगाला, चांगलं लांब, एक मिणमिणता उजेड होता, तिथले असावेत ते. तरी आम्ही तिथे फार वेळ थांबलो नाही.

पठारावर पोचलो तर धुकं.

माझ्या हेल्मेटच्या दिव्यासमोर पांढरी भिंत उभी राहिली. कारण तेच, डोळ्यांजवळचा दिवा, धुक्याच्या थेंबांवरून परत येणारा सगळा उजेड थेट डोळ्यांत. मी दिवा बंद केला आणि दादाच्या मागून निघालो, त्याचा खालचा दिवा धुक्याखालून जमीन बरी दाखवत होता. छोटी माझ्या मागे. आणि मग समोर धुक्यात एक भलंमोठं काळं काहीतरी उभं राहिलं. दोन मजली उंच, डोकं गोल, खांद्यांपासून दोन्ही बाजूंना काळे पट्टे निघून पार आकाशात गेलेले, आणि ते डोलत होतं. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. मी थांबलो तर तेही थांबलं. हात वर केला तर त्याचाही हात वर, आणि त्याबरोबर अंधाराचा एक पट्टा सगळ्या धुक्यातून फिरला.

सावली होती, माझीच, छोटीच्या दिव्याने पडलेली. भिंतीवर पडते ती सावली सपाट असते, धुक्यात ती हवेतच खोलवर पडते, जवळपासून लांबपर्यंतच्या प्रत्येक थराला, आणि अंतराचा अंदाज लागायला आजूबाजूला काही नसतं म्हणून ती राक्षसासारखी मोठी वाटते. जर्मनीच्या हार्ट्झ डोंगरांत ब्रोकेन नावाच्या शिखरावर सूर्य पाठीशी असताना लोकांना खालच्या ढगांवर अशीच आकृती दिसायची, १७८० साली योहान सिल्बरश्लाग यांनी तिचं वर्णन लिहून ठेवलं आणि तेव्हापासून ब्रोकेनचं भूत हेच नाव पडलं. कारण कळलं तरी पुढचा अर्धा तास ते माझ्यासमोरून चालत होतं आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, हे खरं सांगतो.

त्यानंतर जे भेटलं ते मला जास्त लागलं. पठारावर पायवाट गवतात विरून जाते, पलीकडच्या कडेला पुन्हा सुरू होते, सरळ गेलं की झालं. आम्ही सरळच चाललो होतो. बऱ्याच वेळाने दादाने हात वर करून थांबवलं. समोर दबलेल्या गवतात टायरचे ताजे माग, ओले. छोटी म्हणाली, अजून कुणीतरी आहे इथे. आम्ही हाका मारल्या, उत्तर नाही. दादा खाली वाकला आणि टायरच्या नॉब्सचा, म्हणजे रबरी उंचवट्यांचा, ठसा बघून म्हणाला, तीनच सायकली आहेत, आणि मधला टायर तुझा आहे. चकवा लागल्यासारखे आम्ही गोल फिरून आमच्याच मागावर आलो होतो, आणि तिघांनाही शपथेवर सांगता आलं असतं की कुणी हँडल वळवलं नाही.

यावर अभ्यास झालाय. २००९ साली जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी लोकांना मोठ्या जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालत जायला सांगून जीपीएसने त्यांची वाट नोंदवली. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले, ढग आले की गोल फिरायला लागले. डोळे बांधल्यावर तर काहींचं वर्तुळ वीस मीटरइतकं लहान झालं. सहारात रात्री चालणारा माणूस चंद्र असेपर्यंत सरळ होता, चंद्र दिसेनासा झाल्यावर वळत वळत आल्या दिशेलाच परत निघाला. सरळ जाणं हे शरीराला आपोआप येत नाही, बाहेर काहीतरी धरायला लागतं. आम्ही जीपीएसवर दिशा लावली, बाण बघत बघत पठार ओलांडलं, आणि त्या बाणावर विश्वास ठेवताना प्रत्येक वेळी वाटत होतं की हा चुकतोय, आपण बरोबर आहोत.

तिसरी रात्र

धुकं नाही, वारा नाही, ट्रेल कोरडा. मुळांनी भरलेला लांब सिंगलट्रॅक, इथे छोटीचे दोन दिवे सगळ्यात भारी ठरतात, हँडलबारचा दिवा मुळांच्या सावल्या पाडून त्यांची उंची दाखवतो आणि हेल्मेटचा वळणाच्या पलीकडे बघतो. नुसत्या हेल्मेटच्या दिव्यात सावल्या दगडाच्या मागे लपतात, सगळं सपाट दिसतं, मी त्या ट्रेलवर दोनदा हँडलवरून जाता जाता राहिलो.

मध्यरात्र उलटून गेल्यावर झाडांमधून जांभळट पांढरा उजेड दिसला. हलणारा नाही, एकाच जागी. जवळ गेलो तर दोन झाडांच्या मधे एक पांढरी चादर टांगलेली, आतून उजळल्यासारखी, आणि तिच्यावर काहीतरी सतत वळवळतंय. चादरीशेजारी एक आकृती बसलेली. डोळे चमकत नव्हते. आम्ही तिघंही एका जागी थांबलो, कुणी काही बोलेना.

मग आवाज आला, "दिवे खाली करा रे पोरांनो."

पन्नाशी ओलांडलेल्या एक काकू होत्या, घडीच्या स्टुलावर, मांडीवर वही, गळ्यात छोटा लाल दिवा. पतंगांची मोजणी करत होत्या. अतिनील उजेडाचा दिवा आणि पांढरी चादर लावली की आजूबाजूचे पतंग येऊन बसतात, मग जाती ओळखायच्या, लिहायच्या, पहाटे दिवा बंद करून सोडून द्यायचे. आम्ही म्हणलं, काकू तुम्हाला भीती नाही वाटत का एकट्याने, तर त्या म्हणाल्या, तुम्ही आलात तेव्हा वाटली.

चादर जवळून बघितली आणि मी हरखून गेलो. सालीसारखे, पाचोळ्यासारखे, पिवळेधमक, हिरवे, तळव्याएवढे आणि नखाएवढे. काकूंनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि म्हणाल्या, त्या वरच्या दोघांकडे बघा. खुळखुळवला. उडत असलेले दोन पतंग पंख मिटून दगडासारखे खाली पडले. परत खुळखुळवला, अजून एक पडला. बऱ्याच पतंगांना कान असतात, आणि ते कान वटवाघळाच्या आवाजासाठी असतात, जो आपल्याला ऐकू येत नाही. किल्ल्या एकमेकांवर आपटल्या की आपल्याला ऐकू येतो त्या आवाजाबरोबर तसलाच, आपल्या कानापलीकडचा, खूप उंच पट्टीतला आवाजही निघतो, आणि पतंगाला वाटतं वटवाघूळ आलं. टायगर मॉथ नावाचे काही पतंग तर उलट उत्तर देतात, स्वतः टिकटिक करून वटवाघळाचा अंदाजच चुकवतात. हे सगळं आमच्या डोक्याच्या दोन फुटांवर, रोज रात्री, एका आवाजात चालतं जो आम्हाला जन्मात ऐकू येणार नाही. छोटीने विचारलं, आमचे ब्रेक करकरतात त्याचं काय होत असेल, तर काकू म्हणाल्या, एकदा इथूनच जाऊन दाखव, मी बघते. ती गेली, ब्रेक करकरले, आणि पतंग जागचे हलले नाहीत. काकूंनी तेही वहीत लिहून घेतलं. मला त्यांचं ते लिहून घेणं फार आवडलं.

पहाटेपर्यंत तिथेच बसलो, त्या रात्रीचा उरलेला ट्रेल झाला नाही.

चौथी रात्र

काकूंनीच सांगितलं होतं की खालच्या ओल्या जंगलात कुजक्या ओंडक्यांपाशी दिवे बंद करून अर्धा तास बसा. बसलो. पहिली दहा मिनिटं मिट्ट काळोख. डोळ्यातल्या मंद उजेडात बघणाऱ्या रॉड पेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मधे एकदा जरी दिवा लावला तरी सगळं पहिल्यापासून. मग हळूहळू वाटायला लागलं की डावीकडे जमिनीवर काहीतरी फिकट आहे. बघायला गेलो की नाही. मान वळवली की परत आहे. छोटीलाही तेच, ती माझ्या दंडाला धरून म्हणाली, मी बघितलं की ते जातंय रे.

दृष्टीच्या अगदी मधल्या भागात रॉड पेशी नसतातच, त्यामुळे मंद उजेड थेट बघितला की नाहीसा होतो, किंचित बाजूला नजर ठेवली की दिसतो. हे दादाने कुजबुजत सांगितलं आणि तशी नजर ठेवल्यावर अख्खा ओंडका दिसायला लागला, हिरवट, कडा स्पष्ट. लाकूड कुजवणारी बुरशी, फॉक्सफायर. हिच्यासारख्या उजेड देणाऱ्या बुरशीच्या शंभरावर जाती माहीत आहेत, आणि काजव्यासारखंच आत रसायन आणि ऑक्सिजन यांचं काम चालतं, फक्त हा उजेड लुकलुकत नाही, तासन्तास तसाच राहतो. अमेरिकेत १७७५ साली बांधलेल्या टर्टल या पाणबुडीत यंत्रांचे काटे दिसावेत म्हणून असलंच चमकणारं लाकूड वापरलं होतं. आमच्या हजार ल्युमेनच्या दिव्यांनी कितीदा याच ओंडक्याला नुसता ओंडका म्हणून मागे टाकलं असेल.

शेवटची रात्र

सगळ्यात लांब राइड, संध्याकाळपासून सकाळपर्यंत. १९९२ साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात चोवीस तासांची माउंटन बाइक रेस सुरू झाली आणि मग तो प्रकार जगभर पसरला, त्यात भाग घेणारे पहाटे तीन ते पाचच्या मधल्या गोष्टी सांगतात त्या मी ऐकून होतो. आता स्वतःला दिसत होत्या. झोपेला आलेला मेंदू समोरच्या कुठल्याही आकारातून माणूस बनवतो. वळणावर बसलेली बाई, जवळ गेलं की झुडूप. रस्त्यावर आडवा पडलेला कुणीतरी, जवळ गेलं की ओंडका. असं इतक्या वेळा झालं की मी त्या आकारांसाठी ब्रेक मारणं सोडून दिलं आणि डोळ्यांवर भरवसा ठेवला, म्हणजे चमकणाऱ्या डोळ्यांवर. डोळे दिसले की जनावर, डोळे नाहीत म्हणजे काही नाही.

शेवटच्या उतारावर मी पुढे होतो, पंचवीसच्या आसपास स्पीड, म्हणजे सेकंदाला सात मीटर. समोर चाकोरीत दोन तीन गोल ओंडके. डोळे बिडे काही नाही. आणि मागून दादा कधी ओरडत नाही तसा ओरडला, "थांब! सावली हलतेय!"

दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक घसरलं, आणि थांबलो तेव्हा ओंडका वळून माझ्याकडे तोंड करून उभा होता. रानडुक्कर, मादी, मागे पिल्लं. अंतर पाच मीटर, फार तर. माझा दिवा थेट तिच्या तोंडावर असूनही डोळे काळे. डुकराच्या डोळ्यात तो आरशाचा थर नसतो, माणसाच्याही नसतो, म्हणूनच काकूंचे डोळे चमकले नव्हते. माझ्या हेल्मेटच्या दिव्याने तिची सावली तिच्याच मागे लपवली होती. दादाच्या खालच्या, बाजूने येणाऱ्या दिव्याने मात्र ती लांब करून रस्त्याकडेच्या उंचवट्यावर टाकली, आणि त्या सावलीला पाय होते.

मी सायकल माझ्या आणि तिच्या मधे आडवी धरली. पळायचं नाही, आरडाओरडा नाही. दादा हळू आवाजात म्हणत होता, दिवा खाली, मागे ये, सावकाश. तिने दोनदा जोरात फुत्कार टाकला, दात वाजवले, तो आवाज मला आत्ता लिहितानाही ऐकू येतोय. मी एक एक पाऊल मागे. मग पिल्लं उजवीकडच्या झाडीत घुसली, एक राहिलं होतं ते धावत गेलं, आणि त्याच्यामागून ती. रस्ता रिकामा.

२०१६ साली अमेरिकेत मोंटानामध्ये ग्लेशियर नॅशनल पार्कजवळ एक सायकलस्वार आंधळ्या वळणावर थेट ग्रिझली अस्वलावर आदळला आणि अस्वलाच्या हल्ल्यात गेला, तेही भर दिवसा. सायकल वेगात असते आणि तिचा आवाज कमी, चालणाऱ्या माणसाची जनावराला जितकी आधी चाहूल लागते तितकी सायकलची लागत नाही. रात्री तर आपण उजेडाचा एक गोळा होऊन त्यांच्या अंगावर येतो.

उरलेला उतार आम्ही सायकली हातात धरून चालत उतरलो. ढकलताना मागच्या चाकाचा फ्रीहब सारखा टिकटिक वाजतो, त्याचा फायदाच, वर मोठ्याने गप्पा चालू ठेवल्या, वळण आलं की छोटी टाळ्या वाजवायची. खाली पोचेपर्यंत उजाडलं होतं. पुढच्या वेळी मी हँडलबारवर दुसरा दिवा लावणार आहे, दादा हेल्मेटवर एक लावणार आहे, कोळ्यांसाठी म्हणे, आणि छोटीला किल्ल्यांचा जुडगा हवाय.